कोंडाजीचं पहिलं नको

१७ जानेवारी १९६०, महाड

पुण्याहून सरांचं पत्र आलं. प्रबंधाचं दुसरं प्रकरण त्यांनी वाचलं म्हणे. लिहितात, "त्या रशियन कादंबरीकाराच्या उत्तरकाळातल्या कथांचा आशय आपण बरा मांडला आहे, पण ऐतिहासिक संदर्भ कच्चा आहे. ऐन कीर्तीत असलेला माणूस म्हातारपणी असा कोरडा, कठोर का लिहू लागला, हे तेव्हाच्या रशियातला जमिनीचा प्रश्न समजल्याशिवाय कळायचं नाही. तो समजून घ्या."

पोलादपूरच्या खोऱ्यात आमच्या सात पिढ्या जमिनीवर जगल्या, आणि जमिनीचा प्रश्न समजून घे म्हणून मला पुण्याहून सांगावं लागतं. वाचून हसू यायला हवं होतं. आलं नाही.

हल्ली येतच नाही. भाद्रपदात माझी बायको, आनंदी, गेली तेव्हापासून हे असं आहे. दुःख म्हणावं तर तेही नाही. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपलाच असून आपला वाटत नाही, तसं. फक्त मुंग्या येत नाहीत. शाळेत शिकवतो, खानावळीत जेवतो, खोलीवर येऊन वाचतो. शाळेतले सोबती मला 'रशियन मास्तर' म्हणतात. रशियनचं एक अक्षर मला येत नाही, जे वाचतो ते इंग्रजीतून. पण नाव पडलं ते पडलं.

६ फेब्रुवारी

संदर्भ पक्का करणं चालू आहे. मुंबईहून इतिहासाचा एक ग्रंथ मागवला. उशाला घेतला तर मान मोडेल एवढा जाड. १८६१ साली झारने भूदासांना मोकळं केलं. कागदावर मोकळे, पण कसायची जमीन मालकाकडूनच हप्त्यांनी विकत घ्यायची. आपला म्हातारा (मी त्याला मनात म्हाताराच म्हणतो) तेव्हा तरुण होता आणि स्वतः जमीनदार होता. त्यावर त्याने तेव्हा काही लिहिलं नाही. लिहिलं ते तीस वर्षांनी, सगळं अंगात मुरल्यावर.

त्यातली एक छोटी कथा आज पुन्हा वाचली. एक तरुण जमीनदार, शिकलेला, मनाने चांगला. देवळापुढे आपल्या भूदासांना जमवून तो झारचा जाहीरनामा वाचून दाखवतो. बर्फ पडतंय. मालकासमोर टोपी घालायची नाही अशी रीत, म्हणून सगळ्यांच्या टोप्या हातात. वाचून झालं. आता ही माणसं आनंदाने ओरडतील म्हणून मालक वाट बघतो. मालक 'टोप्या घाला' म्हणेल म्हणून माणसं वाट बघतात. पण मालकाला वाटतं, ही आता मोकळी माणसं, यांना हुकूम करणारा मी कोण? म्हणून तो गप्प राहतो. संध्याकाळी सगळे बोडक्याने घरी जातात. दुसऱ्या दिवशी तिघे म्हातारे तापाने पडलेले. कथा तिथेच संपते.

मी टिपण केलं : 'येथे मालकाचे मौन हे सदिच्छेचे मौन आहे.' वाक्य बरं जमलं. सरांना आवडेल.

२१ फेब्रुवारी, गावी

दादाने निरोप धाडला होता म्हणून आलो. एस.टी.ने पोलादपूर, पुढे नदीकाठाने पायी. आई ओटीवरच बसली होती. "वाळलास रे सयाजी," म्हणाली. दर खेपेला म्हणते. तिच्या हिशेबाने मी आत्तापर्यंत दिसेनासा व्हायला हवा होतो.

दादाचं काम असं. कूळकायदा आला. जो कसतो त्याने जमीन विकत घ्यायची, मालकाने ती द्यायची. वरच्या वाडीची, ओहोळाकडची, सगळी कुळं एकेक करून मालक झाली. राहिली ती नदीकाठची चार खाचरं, म्हणजे आमच्याकडची भाताची सर्वांत चांगली जमीन. ती कोंडाजी कसतो. त्याच्या आधी त्याचा बाप कसायचा. कोंडाजीला दुसरं भातशेत नाही. डोंगराच्या उतारावर नाचणी-वरीपुरतं वरकस आहे तेवढंच. मुलगा मुंबईला असतो.

"एकतीस मार्चला कचेरीत तारीख हाय," दादा म्हणाला. "सायब कुळाला इचारतो, घेतोस काय? कुळ नको म्हनालं तर जमीन आपल्याकडं फिरते. कायद्यातच लिवलंय."

"मग माझं काय काम?"

दादा आईकडे बघायला लागला. अवघड बोलणं आमच्याकडे आईच बोलते. "ह्या तुझ्या दादाशी, मालूशी, कोंडाजी चार येळा भांडलाय," ती म्हणाली. "भांडला त्याची भीड राहात नाय. तुझी त्याला भीड हाय. तू नुसता जाऊन बस."

"खोटं बोल म्हनत नाय मी," दादा म्हणाला. "तू बोलूच नको."

मी विचार केला. खोटं बोलायचं नाही, धमकावायचं नाही, फक्त बसायचं. यात वावगं काय ते मला सापडलं नाही. हो म्हणालो. नाही म्हणायला जेवढा जोर लागतो तेवढा अंगात नव्हता, हेही खरं.

संध्याकाळी कोंडाजी आला, वालाच्या शेंगांची पाटी घेऊन. मी आल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं असणार. खाली अंगणातच उभा राहिला. आईने चहा घे म्हटलं. "नको नको, आताच पिऊन आलो." आई म्हणाली, "अरे घे." "नको आईसाब, कशाला." मग मी म्हणालो, "कोंडाजी, घे रे." तेव्हा त्याने पायरीशी बसून घेतला.

हे लहानपणापासून बघतोय. चहा असो, दसऱ्याचं धोतर असो, ताटातली पोळी असो, त्याचं पहिलं उत्तर नको. वाडीवरची सगळीच तशी, पण कोंडाजी त्यात पुढारी. देणाऱ्याने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा म्हणायचं असतं. पहिल्याच बोलाला घेतलं तर माणूस हावरट ठरतो. तो गेल्यावर आई हसून म्हणाली, "नको नको नि पायलीभर चाखो."

२२ फेब्रुवारी

महाडला परत. एस.टी.त कोंडाजीचा विचार मनात होता म्हणून लिहून ठेवतो.

भाद्रपदात आनंदीला डोलीतून पोलादपूरला नेली तेव्हा पुढचा दांडा कोंडाजीच्या खांद्यावर होता. वाट चिखलाची, नदी भरलेली. बाकीच्यांनी आळीपाळीने खांदे बदलले, याने आपला दांडा कुणाला दिला नाही. ती वाटेतच गेली होती. ते त्याला आधी कळलं होतं, डोलीचं वजन बदललं म्हणे. पण दवाखान्याच्या पायरीपर्यंत त्याने मला सांगितलं नाही. मी मागून चालत होतो आणि तिला सांगत होतो की आता पोचलोच.

लिहून झाल्यावर पान पुन्हा पाहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलंय.

१२ मार्च, गावी

शिमग्याला आलो. दुपारी नदीवर गेलो तर कोंडाजी बांध नीट करत होता. हातातलं पुस्तक बघून म्हणाला, "धाकले मालक, काय वाचता एवढं?"

मी त्याला टोप्यांची गोष्ट सांगितली. बर्फ म्हणजे काय ते सांगण्यातच निम्मा वेळ गेला. शेवटी त्याने कुदळ टेकवली. "मालक बोलल्याबिगर डोकीला कोन घालंल? त्यांचं काय चुकलं त्यात?"

"पण आता ते मोकळे होते ना?"

"म्हनून काय झालं? रीत सुटते काय? मालकानं एक शबूद टाकायचा. त्याला तोंड नव्हतं काय?" असं म्हणून तो हसला. 'शेतकऱ्यांची मनोवृत्ती' या पोटभागासाठी हे उपयोगी पडेल. खोलीवर गेल्यावर नीट भाषेत लिहायला हवं.

मग थोडा वेळ माती ओढत राहिला आणि वर न बघता म्हणाला, "त्या तारखेला तुमी येनार ना?"

"येणार आहे."

"मग बरं झालं," म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "थोरलं मालक एकलंच असलं तर माझं काय खरं नव्हतं. तुमी हाय तर काळजी नाय."

मला बरं वाटायला हवं होतं. त्याने विश्वास दाखवला. खरं तर मी तिथे कुणाच्याच बाजूने बसणार नाही. तसं त्याला सांगावं असं एकदा मनात आलं, पण इतक्या साध्या गोष्टीचा उगाच बाऊ कशाला, म्हणून राहिलं.

२० मार्च, महाड

चवदार तळ्याला आज माणसांचा पूर. लांबलांबून आलेले, बायका डोक्यावर गाठोडी घेऊन. पायऱ्यांवर वाकून पाणी ओंजळीत घेत होते. मला वाचनालयात एक संदर्भ बघायचा होता आणि गर्दीतून वाट मिळेना, तेव्हा गल्लीने वळसा घालून गेलो. वाचनालय बंद होतं.

३१ मार्च, गावी

कचेरीचं काम झालं.

साहेब तरुण होते, सभ्य होते. कुणावर खेकसले नाहीत. दादा आणि मी बाकावर बसलो. माझ्या मांडीवर पुस्तक होतं, वेळ लागला तर वाचावं म्हणून. कोंडाजी टेबलासमोर उभा राहिला. धुतलेला सदरा घातला होता. ठकूबाई, त्याची बायको, दाराबाहेर.

साहेबांनी जमिनीचा नंबर वाचला, कायदा समजावून सांगितला आणि विचारलं, "ही जमीन विकत घ्यायचा तुमचा हक्क आहे. घ्यायची आहे का?"

कोंडाजीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नको सायब. मालकांची हाय, मालकांना असू दे."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "कुणाचा दबाव आहे का तुमच्यावर?"

"दबाव कसला? घरचीच मानसं ती." आणि परत माझ्याकडे पाहिलं.

दादा खाली बघत होता. माझ्या तोंडात 'अरे' एवढं आलं होतं. सवयीने येतं तसं. ते मी गिळलं. बोलायचं नाही असं ठरलं होतं आणि सरकारी कामात मध्येच तोंड घालणं बरं दिसलं नसतं. साहेब थोडे थांबले. मग त्यांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि कोंडाजीचा अंगठा घेतला. अंगठा उठल्यावरही तो तिथेच उभा होता. शाईचा हात सदऱ्याला लागू नये म्हणून लांब धरलेला, आणि नजर माझ्यावर. शिपायाने पुढचं नाव पुकारलं तेव्हा हलला.

बाहेर आल्यावर दादाने सगळ्यांना हॉटेलात नेलं. कोंडाजीला म्हणाला, चहा घे. तो म्हणाला नको. दादाने दुसऱ्यांदा म्हटलं, अरे घे. मग त्याने घेतला. ठकूबाई आत आलीच नाही.

मी एक शब्द बोललो नाही, कुणाला काही सुचवलं नाही. त्याबाबतीत माझं मन स्वच्छ आहे. घरी आल्यावर जेवण गेलं नाही, पण ते उन्हाचं असेल.

१० एप्रिल, महाड

सरांचं पत्र. "तिसरे प्रकरण फार चांगले झाले आहे. संदर्भ आता जिवंत वाटतो. विशेषतः टोप्यांच्या कथेवरचे 'मुक्तीची घोषणा करणारा मालकच तिच्या आड कसा उभा राहतो' हे विवेचन. इतके आतून कसे सुचले?"

मला आठवत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकदा बसलो आणि एका दमात लिहून काढलं. वाचून बघितलं तर दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखं आहे. सोबत्यांना पत्र दाखवलं. त्यांनी पेढे मागितले. आणून दिले.

१७ एप्रिल

आज सकाळी ठकूबाई खोलीवर आली. पोलादपूरहून चालत. बस म्हटलं तर बसली नाही, दाराला टेकून उभी राहिली.

"मास्तर," ती म्हणाली. धाकले मालक नाही म्हणाली. "त्यांनी नको म्हटलं, खरं. आमच्यात पैल्यांदा नकोच म्हनतात. तुमाला म्हायत नव्हतं काय?"

मी म्हणालो, "माहीत आहे."

"मग? तुमी एकदा घे म्हनाला असता. सायब कितीबी येळा इचारंल, त्यो देनारा थोडाच हाय? देनाऱ्यानं म्हनायचं. हे तर तुमच्याच तोंडाकडं बघत बसलं. येताना वाटंत म्हनत होते, धाकले मालक हायत, दुसऱ्यांदा म्हनतीलच."

तिला पाणी दिलं. तिने ते एका घोटात पिऊन टाकलं आणि पेला उंबऱ्यावर पालथा ठेवला.

मुलाने मुंबईहून कळवलंय, प्रांतांकडे अपील होतं म्हणून. चोवीस मेची तारीख मिळाली आहे, इथेच महाडला. "तुमी येऊन नुसतं खरं सांगा," ती म्हणाली. "की ह्यांच्या नकोचा अर्थ काय व्हता, आनि तुमी गप बसला. बाकी काय नको." मग म्हणाली, "ती खाचरं गेली तर आमी खायाचं काय? वरकसाच्या नाचणीनं चार म्हैनं निघत नायत. ह्यांना आता ह्या वयात मुंबईला जाऊन कुनाच्या दारात बसवायचं?"

येतो म्हणालो. शब्द दिला. तिला दारात उभी बघवेना म्हणूनही दिला असेल, पण दिला. ती गेल्यावर बराच वेळ तो पालथा पेला उचलला नाही.

२८ एप्रिल, गावी

अक्षयतृतीया. आईने आज फार चांगलं केलं, निदान मला तरी तसं वाटलं.

कोंडाजीला आणि ठकूबाईला तिने जेवायला बोलावलं. अंगणात नाही, पायरीवर नाही, ओटीवर. पाट मांडले, पुढे रांगोळी काढली. कोंडाजी पाटावर बसेना. नको नको म्हणत अंगणातच उभा. आई स्वतः खाली उतरली, हाताला धरून त्याला वर आणलं. माझ्या आठवणीत आमच्या ओटीवर वाडीवरचं माणूस पहिल्यांदाच बसलं.

पुरणपोळी आईने स्वतः वाढली. दर पोळीला कोंडाजी हाताने ताट झाकायचा आणि आई म्हणायची, "अरे खा, तुझंच घर हाय. मालोजीचा बाप गेला तवा रात्रभर कोन बसलं होतं? तूच ना?" त्याचे डोळे भरून आले. ठकूबाई एक पोळी घेऊन नुसती बसून होती. आईने तिला विचारलं, "काय गो, गोड लागत नाय?" ती म्हणाली, "गोडच हाय आईसाब."

निघताना आईने ठकूबाईची ओटी भरली. कोंडाजी उंबऱ्याला हात लावून नमस्कार करून गेला.

दादा पान जुळवत बसला होता. मला वाटलं, बरं झालं, मनं निवळली. एकाच्या घरात दुसऱ्याचं जेवण झालं की तेढ कुठली राहते? कदाचित अपिलाचंही आपोआप मिटेल. आईला तसं म्हणालो. ती भांडी आवरत होती. म्हणाली, "मिटलंच की."

१ मे, महाड

महाराष्ट्र राज्य झालं. शाळेत झेंडा, भाषणं, लाडू. मुलांनी घोषणा दिल्या. गावात सगळ्यांचे चेहरे फुललेले. मीही टाळ्या वाजवल्या. दुपारी शेवटचं प्रकरण सुरू केलं.

९ मे

म्हाताऱ्याच्या अखेरच्या कथांत वाक्यं आखूड होत जातात. टीकाकार म्हणतात, त्याची प्रतिभा आटली आणि तो प्रवचनकार झाला. मला ते पटत नाही. मला वाटतं त्याला भीती वाटत होती की लांब वाक्यात आपण लपून बसू. हे प्रबंधात घालता येईल का बघतो. पुरावा मात्र काही नाही.

१९ मे

दादा बाजाराला आला होता. चोवीस तारखेला मी प्रांतांकडे जाणार असं त्याला सांगून टाकलं. वाटलं होतं भडकेल. तो म्हणाला, "जा की. शब्द दिलास तर पाळावा मानसानं." आणि मला दोन कलमी आंबे देऊन गेला.

२४ मे

सकाळी लवकर गेलो. काय बोलायचं ते चार दिवस घोकलं होतं : मी सयाजी, जमीनमालकाचा धाकटा भाऊ, अर्जदाराच्या बाजूने साक्ष द्यायला आलोय, त्या दिवशी कोंडाजीचं नको खरं नव्हतं आणि ते मला ठाऊक होतं. वाक्य लांब होतं पण पाठ झालं होतं.

व्हरांड्यात ठकूबाई एकटीच बसली होती.

"कोंडाजी कुठाय?"

"नाय येत." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "म्हनतात, आईसाबांच्या हातचं जेवलो, त्यांच्या ओटीवर बसून जेवलो, आता त्या घराच्या इरोधात उभा ऱ्हायलो तर मला नरकातबी जागा नाय. मी पाया पडले. पोरानं मुंबईवरनं कळवलं. काल घोंगडी घेऊन रानात जाऊन बसलेत, तारीख गेल्याबिगर घरी येनार नाय म्हनाले."

तेव्हा मला अक्षयतृतीयेचं जेवण कळलं. एवढा शिकलेला मी, आणि आईने माझ्या देखत मांडलेलं मला दिसलं नाही. ठकूबाईला पहिल्या घासालाच कळलं होतं.

शिपायाने नाव पुकारलं. तीनदा पुकारलं. तिसऱ्यांदा ठकूबाई उठली आणि आत गेली. मी तिच्या मागे.

"मी त्यांची बायको," ती म्हणाली.

"अर्जदार स्वतः पाहिजेत बाई," कारकून म्हणाले. आवाज वाईट नव्हता. "आजारी आहेत का? तसं असेल तर पुढची तारीख मागता येते."

आजारी आहे म्हणाली असती तर तारीख मिळाली असती. पण तिने खरं सांगितलं. "आजारी नायत. येत नायत."

कारकुनांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि आपण? अर्जदाराचे कोण?"

घोकलेलं वाक्य तोंडाशी होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मालक."

एवढंच आलं. विचारल्यावर सात पिढ्या जे सांगत आल्या तेच आलं. कारकून लगेच अर्धे उठले, भिंतीजवळची खुर्ची पुढे ओढली. "अहो मग उभे का? बसा ना." आणि मी बसलो. खुर्ची पुढे केली म्हणून बसलो. ठकूबाई टेबलाच्या कडेला उभी होती.

मग म्हणालो, "अहो, मी त्यांच्या बाजूने बोलायला आलोय."

कारकून हसले. बिचाऱ्यांना वाटलं मी सौजन्याने बोलतोय. "काही बोलायची गरज नाही. अर्जदारच नाही म्हटल्यावर अर्ज कसला? तुमच्या मनासारखंच झालंय सगळं." कागद आत साहेबांकडे गेला आणि सही होऊन परत आला. त्यांनी मला वाचून दाखवला. अर्जदार गैरहजर, जमीनमालक हजर, सबब अपील काढून टाकले.

"काय लिवलं?" ठकूबाईने मला विचारलं.

मी सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला. तिने ऐकून घेतलं, पदर खोचला आणि पोलादपूरच्या रस्त्याला लागली. एस.टी.साठी थांबली नाही. मी हाक मारली ती तिला ऐकू आली असेल, पण वळली नाही.

मला लाज वाटतेय. आनंदी गेल्यापासून मला काही वाटत नव्हतं. आज वाटलं, आणि वाटलं ते हे. छातीत, कानांच्या पाळ्यांत, सगळीकडे. रडूही आलं, ते कुणासाठी आलं ते कळलं नाही.

खोलीवर येऊन बराच वेळ झाला. दोनदा खुर्चीकडे गेलो, बसवलं नाही. हे सगळं उभ्यानेच लिहिलंय, खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून. पाय दुखायला लागले आहेत.